मुलांनी निवडलेली कविता

कविता शिकविणे आणि कविता निवडू देणे यांत केवढे अंतर आहे, हे उमगायला आम्हांला पुष्कळ वर्षे लागली. वसईतील एका शाळेत आम्ही मराठीचे तास घेत असू. पाठ्यपुस्तकातील कविता तालावर म्हणवून घ्यायच्या, शब्दार्थ फळ्यावर लिहून द्यायचे, संदर्भासहित स्पष्टीकरणे तपासायची. मुलांना गुण मिळत; कविता मात्र परीक्षेनंतर पुस्तकासोबत रद्दीत जाई.

एके वर्षी नववीच्या वर्गाला आम्ही सांगितले, "शुक्रवारी प्रत्येकाने आपल्या आवडीची एक कविता आणावी, वाचावी आणि ती का आवडली ते सांगावे." मुले ग्रंथालयातील कपाटांपाशी घुटमळू लागली. कुणी बालकवी आणले, कुणी कुसुमाग्रज. एका खोडकर मुलाने आईविषयीची कविता निवडली होती. वाचताना त्याचा कंठ दाटून आला. त्याची आई आखाती देशात नोकरीला आहे, हे आम्हांला त्या दिवशी प्रथमच कळले.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. हाती पुस्तक नव्हते. आजीकडून ऐकलेले सामवेदी बोलीतील लग्नगीत ती म्हणू लागली. वर्गात हशा पिकला. आम्ही म्हणालो, "बाळ, कविता आणायला सांगितली होती." ती मान खाली घालून बसली.

त्या रात्री आम्हांला झोप येईना. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. खानदेशच्या बोलीत त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी उतरून घेतली होती. १९५१ साली त्या वारल्या, तेव्हाही ती ग्रंथरूपात आली नव्हती. पुत्र सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. अत्र्यांनीही आधी पुस्तकच मागितले असते तर? बहिणाबाई आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत होतो. त्यांच्यापासून शिकलो मात्र नव्हतो.

पुढच्या शुक्रवारी आम्ही वर्गासमोर त्या मुलीची क्षमा मागितली व गीत पुन्हा म्हणण्याची विनंती केली. "फादर, आता नको," एवढेच ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात मात्र ती वही घेऊन आली. आजीला विचारून तिने सारे गीत लिहून आणले होते. ती म्हणू लागली आणि आधी हसणाऱ्यांपैकीच दोघींनी ध्रुपद धरले. ते गीत त्यांच्याही घरी होते.

कविता निवडणारे मूल आपल्या घराचे दार किंचित उघडते. त्या दारात शिरताना शिक्षकाने आपल्या वहाणा बाहेर काढून ठेवाव्यात, एवढे आम्ही त्या वर्गात शिकलो.