सतरंजीवरचे फोटो

1855 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. आदल्याच वर्षी शहरात फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते आणि स्वतः उत्तम फोटो काढत. त्या काळी फोटोग्राफी शिकणं म्हणजे आधी रसायनं शिकणं. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, काच ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. आज प्रकाशाचा सगळा हिशेब खिशातला मोबाईल करतो आणि बहुतेक वेळा बरोबर करतो. मग कार्यशाळेत शिकवायला उरलं काय?

माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच उरलं आहे. आपण नेमकं काय पाहतो, हे माणसाला त्याचं त्याला दिसावं, एवढ्यासाठी मी कार्यशाळा घेते. आणि इतक्या वर्षांच्या शिकवण्यानंतर माझी खात्री झाली आहे की हे दिसतं ते कॅमेरा हातात असताना क्वचितच. ते दिसतं फोटो निवडायला बसल्यावर.

पुण्यातल्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे अजूनही तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालतं. आळीच्या तोंडाशी पोचण्याआधीच ठोक्यांचा आवाज येतो. मी मुलांना (मुलं म्हणायची सवय, त्यात सत्तरीचे लोकही असतात) तिथे पाठवते. अटी मोजक्या. एकच लेन्स, 35 मिलिमीटरची. मोबाईल असेल तर त्याची मुख्य लेन्स, झूम बंद. जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जायचं, म्हणजे त्या कारागिराशी बोलावंही लागतं. दिवसाला 36 फोटो, जुन्या रोलमध्ये असायचे तेवढेच. काहीही डिलीट करायचं नाही. ही शेवटची अट लोकांना सगळ्यात जड जाते, आणि माझं सगळं शिकवणं तिच्यावरच उभं आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सगळ्या फोटोंचे चार बाय सहाचे साधे प्रिंट येतात. सतरंजी अंथरायची आणि एकाचे छत्तीसच्या छत्तीस फोटो तिच्यावर मांडायचे. ज्याचे फोटो त्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी ते हलवायचे, जोड्या लावायच्या, बाजूला काढायचे. ‘छान’, ‘मस्त’ आणि ‘कसलं भारी’ या शब्दांना बंदी. काय दिसतंय तेवढंच बोलायचं.

एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले होते. त्यांचा लाडका फोटो होता उगारलेल्या हातोडीचा. चांगला होता, पण तसाच फोटो त्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाकडे होता. कॉलेजातल्या एका मुलीने तो उचलून कडेला ठेवला आणि दुसरेच काही फोटो एका ओळीत लावत गेली. कारागीर चहाला उठल्यावर मागे राहिलेलं दबलेलं पोतं. खुंटीवरचा शर्ट. जिन्यापाशी काढलेल्या चपला. अर्धवट ठोकलेली घागर आणि तिच्या शेजारी कुणीच नाही. काकांना राहवेना. म्हणाले, “अगं, ते चुकून आलेत. माणूस परत येईपर्यंत वेळ होता म्हणून काढले.” ती म्हणाली, “काका, तुम्हाला माणूस उठून गेल्यानंतरची जागा दिसते. आमच्या कुणाकडेच असे फोटो नाहीत.”

मला शिकवायचं असतं ते हेच. माणसाची स्वतःची नजर त्याच्या यशस्वी फोटोंमध्ये सहसा सापडत नाही, कारण ते फोटो त्याने आधी कुठेतरी पाहिलेल्या फोटोंसारखे झालेले असतात म्हणूनच त्याला यशस्वी वाटतात. नजर सापडते टाकाऊ ठरवलेल्या फोटोंमध्ये, तिथे जे पुन्हापुन्हा येतं त्यात. डिलीटचं बटण ती खूण कायमची पुसून टाकतं.

न्यूयॉर्कमधली एक गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगते. डीॲन आर्बस आणि त्यांचे पती मिळून फॅशन फोटोग्राफीचा स्टुडिओ चालवत. मोठ्या मासिकांची कामं होती, नाव होतं. 1956 मध्ये डीॲन त्या धंद्यातून बाहेर पडल्या आणि त्याच सुमारास लिझेट मॉडेल यांच्या वर्गात जाऊ लागल्या. मॉडेल मूळच्या व्हिएन्नाच्या, तरुणपणी संगीत शिकलेल्या. त्यांचा भर एकाच गोष्टीवर असे: समोरच्या माणसातलं जे अगदी विशिष्ट आहे त्याच्याकडे जा, जितकं विशिष्ट व्हाल तितकं ते सगळ्यांना लागू पडेल. त्याआधी आर्बस अलेक्सी ब्रोडोविच यांच्या वर्गालाही गेल्या होत्या. ‘हार्पर्स बझार’चे हे नामवंत कलादिग्दर्शक विद्यार्थ्यांकडे सतत एकच मागणी करत, मला चकित करा. आर्बस यांना वाट सापडली ती मॉडेल यांच्याकडे. 1956 पासून त्यांनी आपल्या रोलना एकपासून क्रमांक द्यायला सुरुवात केली. जणू त्याआधीचं काम मोजायचंच नव्हतं. पुढे त्यांनी 35 मिलिमीटरचा कॅमेरा सोडून चौकोनी निगेटिव्हचा घेतला, कारण कातडी आणि कापड यांतला फरक त्यांना स्पष्ट दिसायला हवा होता. मला इथला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी काय पाहायचं ते ठरलं, मग कॅमेरा बदलला. आपल्याकडे लोक आधी कॅमेरा बदलतात.

ब्रोडोविच फार मोठे शिक्षक होते, त्यांच्या वर्गातून थोर छायाचित्रकार निघाले. तरी शिकाऊ माणसाला ‘चकित करा’ म्हणणं मला पटत नाही. त्यामुळे तो चमत्कार शोधत धावायला लागतो. दर आषाढी वारीत दिवे घाटात हेच दिसतं. पालखी पुण्याहून सासवडकडे निघते आणि वळणावळणावर कॅमेऱ्यांची रांग लागलेली असते. वरून दिसणारा तो वारकऱ्यांचा प्रवाह हजारो कार्डांवर एकसारखा उतरतो. फोटो देखणाच येतो, पण तो कुणी काढला हे त्यावरून सांगता येत नाही. अशा सहली आयोजित करून त्यांना कार्यशाळा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. जागा दाखवली, वेळ सांगितली, सेटिंग दिलं. मग विद्यार्थ्याने पाहिलं काय? वारीलाच जायचं तर मी एका दिंडीच्या मुक्कामी, तिच्या ट्रकजवळ थांबायला सांगते. धुणी वाळत घातली जातात, पाण्याच्या टँकरभोवती गर्दी होते, कुणी पायाला तेल चोळत बसतं. तिथे कुणीही सेटिंग सांगू शकत नाही.

आणि एकाच जागी थांबून पाहण्याचं टोक म्हणजे योझेफ सुडेक. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेलेला हा प्रागचा छायाचित्रकार. 1940 पासून 1954 पर्यंत त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. बाहेर युद्ध, जर्मनांचा ताबा, आत तीच काच. कधी तिच्यावर दव, कधी बर्फ, काचेपलीकडे बागेतलं एक वाकडं झाड. तीच चौकट वर्षानुवर्षं पाहत राहिल्यावर ती खिडकी त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणालाच दिसली नसती. मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांसोबत असाच दीर्घकाळ घालवला. त्यांचे ते कृष्णधवल फोटो एका फेरीत मिळाले नसते.

म्हणून काकांनाही मी परत तांबट आळीतच पाठवलं. तेव्हा दुसरी अडचण आली. रिकाम्या जागा आता ते ठरवून काढू लागले, आणि प्रिंट निर्जीव झाले. असं जवळजवळ सगळ्यांचं होतं. सापडलेली नजर हाताशी आली की लगेच तिची युक्ती होते. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: त्या जागेचा मालक शोधायचा. काका पुढचे कितीतरी दिवस फोटो न काढता पोत्यावर बसणाऱ्या माणसाशी बोलत राहिले. त्याचे वडील तिथेच बसत, हे त्यांना कळलं. त्यानंतरच्या फोटोंत काही ठिकाणी माणूस आला, काही ठिकाणी नाही, पण निवड आता नेमकी होती.

माझे स्वतःचे फोटो मी शेवटच्या दिवसापर्यंत दाखवत नाही. आधी दाखवले की गटातले निम्मे तसेच काढू लागतात.

कार्यशाळा संपताना मी गटाचे चार-चार जणांचे चमू करते. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं. मोबाईलच्या पडद्यावर फोटो बघायचे नाहीत, प्रिंट आणायचे, मागे पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहायची. नाकारलेले प्रिंट एका खोक्यात जपून ठेवायचे आणि दर दिवाळीला ते खोकं दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला निवडायला सांगायचं.