आधी मिक्सर बंद करा

वॉशिंग मशीनचं दार लॉक होत नाही अशी तक्रार असेल, तर घरात शिरल्यावर मी आधी स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करायला सांगतो. मग ड्राय बाल्कनीत मशीनसमोर उकिडवं बसायचं, दार लावायचं, प्रोग्राम सुरू करायचा आणि ऐकायचं. फ्रंट लोड मशीनमध्ये बटण दाबल्यावर काही सेकंदांत आतून ‘टक’ असा कोरडा आवाज यायला हवा. तो आला की नाही, एकदाच आला की टकटक करत पुन्हापुन्हा आला, यावर माझं निम्मं काम ठरतं. बॅग तोवर बंदच असते.

हा आवाज लॉकमधल्या पिनचा. जुन्या पद्धतीच्या लॉकमध्ये बेरियम टायटनेटची छोटी चकती असते, तिला पीटीसी म्हणतात. २३० व्होल्ट मिळाले की ती तापते, पण ठरावीक तापमानापुढे तिचा रोध एकदम वाढतो आणि ती आपली आपणच आवरते. तिला लागून दोन धातूंची जोडपट्टी असते. ती उष्णतेने वाकते, पिन पुढे ढकलते, पिन सरकपट्टीत अडकते आणि त्याच हालचालीत आतला कॉन्टॅक्ट जुळतो. तो जुळल्याशिवाय मोटर फिरायला लागत नाही. धुणं संपल्यावर दार उघडायला मिनिटभर थांबावं लागतं, ते ही चकती निवायची असते म्हणून. नव्या मशीनमध्ये बऱ्याचदा चकतीऐवजी सोलेनॉइड असतो. बोर्ड त्याला क्षणभर वीज देतो, आणि लॉक बसलं नाही असं वाटलं तर पुन्हा प्रयत्न करतो. टकटक तेव्हा ऐकू येते. इटलीतली रोल्ड, जर्मनीतली एम्झ अशा कंपन्या निरनिराळ्या मशीनवाल्यांसाठी ही लॉकं बनवतात. त्यामुळे बाहेर नाव कुणाचंही असो, आत बरेचदा ओळखीचाच डबा निघतो.

आवाजानंतर दुसरी चौकशी घरच्या माणसांची. मशीन एकदम बंद पडत नाही, आधी काही महिने कुरकुरतं, आणि तेवढ्यात घरातलं कुणीतरी युक्ती शोधून काढतं. ती युक्ती मला हवी असते. वाघोलीतल्या एका सोसायटीत काका म्हणाले, “अहो, गुडघा लावला की चालतं.” काकूंना गुडघ्याचा त्रास, त्यामुळे धुणं काकांकडे आलं होतं, या बिघाडाची तेवढी कृपा. मी विचारलं, “गुडघा समोरून दाबता की खालून उचलता?” “खालून.” म्हणजे दार लोंबलंय. बिजागरी डावीकडे, त्यामुळे उजवीकडची हुकाची बाजू दोन-तीन मिलिमीटर खाली येते आणि हुक लॉकच्या भोकात जायच्या ऐवजी त्याच्या काठावर आपटतो. उघड्या दारावर हात टेकून उठायची सवय आणि त्याला लोंबकळणारा नातू, यातलं एक कारण घरात हमखास सापडतं. तिथे नातू समोरच उभा होता. बिजागरीचे स्क्रू आवळले, घासलेला बुश बदलला, काम संपलं. लॉकला हातही लावला नाही.

समोरून दाबावं लागत असेल तर मी रबराकडे बघतो. तोंडाशी असलेल्या त्या रबराच्या घडीत रुमाल, मोज्याचं टोक किंवा ब्लाउजची नाडी अडकलेली असते. किंवा टँकरच्या जड पाण्याचा पांढरा थर आणि पावडरीचा चिकटा लॉकच्या भोकात साचून सरकपट्टी जाम झालेली असते. हुकाची स्प्रिंग गंजून मेली असेल, तर बोटाने हुक दाबून सोडला की लगेच कळतं. तो परत उसळी मारत नाही.

“सकाळी चालतं, संध्याकाळी नाही,” असं शिरूरकडच्या एका गावातून फोनवर कळलं, तेव्हा मी दाराबद्दल काही विचारलंच नाही, व्होल्टेज विचारलं. दिवेलागणीला व्होल्टेज पडतं, चकती सावकाश तापते, बोर्ड ठरावीक वेळ वाट बघतो आणि एरर दाखवतो. तिथे बदलायचं असलंच तर स्टॅबिलायझरचं बघायचं. आणि पॅनेलवरचं चाइल्ड लॉक दाबलं गेल्यामुळे बटणं चालत नाहीत, तेही लोक ‘दार लॉक होत नाही’ म्हणूनच सांगतात. तिथे चहा घेऊन निघायचं.

एवढ्याने भागलं नाही, तरच स्क्रूड्रायव्हर निघतो. प्लग काढायचा, रबराच्या बाहेरची तारेची रिंग उपसायची, रबर बाजूला करायचं, लॉकचे दोन स्क्रू काढायचे. दुसरा स्क्रू सुटताना लॉक आतून बोटांनी धरून ठेवावं लागतं, नाहीतर ते पत्र्यामागे वायरीला लोंबकळत राहतं. मग मीटर. चकतीचा रोध काहीशे ते हजार-दीड हजार ओहमच्या घरात दिसला तर ती शाबूत. कनेक्टर परत लावून, प्रोग्राम सुरू करून तिथे २३० व्होल्ट येतात का बघायचं. येतात आणि आवाज नाही, तर लॉक गेलं. येतच नाहीत, तर लॉक बिचारं निर्दोष. दोष बोर्डाचा किंवा वायरींचा. तळमजल्यावर मी आधी वायरी बघतो, कारण मशीन खालून उघडं असतं आणि उंदरांना ती उबदार जागा फार आवडते. आवाज येतो पण एरर जात नाही, तेव्हा आतला कॉन्टॅक्ट काळा पडलेला असतो, आणि तेही लॉक बदलावंच लागतं.

आमच्यातले काहीजण बॅगेत लॉक घेऊनच फिरतात आणि गेल्या गेल्या बदलतात. कधी मशीन चालूही होतं, कारण कनेक्टर काढून पुन्हा दाबून लावला की काळी पडलेली पिन घासली जाते. महिन्याभरात तीच तक्रार परत येते. हे कारागिरीत बसत नाही असं माझं मत आहे, धंद्यात बसत असेल.

याहून वाईट म्हणजे ‘डायरेक्ट’. लॉकच्या कनेक्टरमध्ये वायरीचा तुकडा खोचायचा, की मशीनला दार कायम बंदच वाटतं. ४८ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम १२०० आरपीएमने पिळत असतो, तेव्हा त्याच्या काठाचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर असतो. त्या वेगात भिजलेली चादर हाताला गुंडाळली गेली तर खांदा शाबूत राहणार नाही. घरगुती वॉशिंग मशीनसाठी आयईसी ६०३३५-२-७ हे सुरक्षा मानक आहे, पण माझ्या नकाराला त्याची गरज पडत नाही. ड्रमचं तोंड लहान पोराच्या छातीच्या उंचीवर असतं, एवढं पुरतं.

एका घरी मशीन थरथरतं म्हणून बोलावलं होतं. पुढचं रबर काढलं तर कनेक्टरमध्ये लाल वायरीचा तुकडा. थरथर राहिली बाजूला, मी आधी तो तुकडा उपसला आणि खिशात टाकला. म्हटलं, “आता नवीन लॉक बसेपर्यंत मशीन चालणार नाही.” साहेब माझ्याकडे बघतच राहिले. “अहो, तुम्ही येईपर्यंत चालत होतं की!” व्हिजिटचे पैसे त्यांनी दिले नाहीत. नवीन लॉक मात्र पुढच्या आठवड्यात त्यांच्या मिसेसनी फोन करून माझ्याकडूनच बसवून घेतलं.