अर्जातला एक रकाना

धारच्या पवारांच्या दौलतीत आमचे पूर्वज दप्तरी कारकून होते आणि मीही उभी हयात धारच्या कचेरीत वकिली करण्यात घालविली. त्यामुळे पीथमपुरातील एका औषधांच्या कारखान्याने, त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, आपल्या प्रयोगशाळेच्या प्राणिनीती समितीवर बिगर-वैज्ञानिक सभासद म्हणून मला निमंत्रण धाडले, तेव्हा या विषयाशी आपला संबंध तो काय, असे वाटल्यावाचून राहिले नाही. खुलासा असा मिळाला की, 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली जी केंद्रीय समिती काम पाहते, तिच्या नियमांनुसार अशा स्थानिक समितीत शास्त्रज्ञ व पशुवैद्य यांच्या जोडीला सामाजिक जाण असलेला एक सामान्य गृहस्थ असावाच लागतो. शास्त्राचे अज्ञान ही त्या जागेची जवळजवळ पात्रताच असल्याने मी होकार कळविला.

ज्या माळावर पूर्वी शेते होती, तेथे आता पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या (पूर्वीच्या बजाज टेम्पोच्या) कारखान्यापासून औषधांच्या भट्ट्यांपर्यंत सारे काही उभे आहे. त्या धुराड्यांमधून वाट काढीत मी सभेला जाई आणि पुढ्यात आलेले अर्ज वाची. प्रत्येक प्रयोगासाठी जो अर्ज रुजू करावा लागतो त्यात एक रकाना आहे: हीच प्रजाती का निवडली? बहुतेक अर्जदार तेथे एकच ठरीव मजकूर भरतात की, सदरहू प्राणी शास्त्रीय वाङ्मयात सर्वमान्य असून सहज उपलब्ध आहे. हा युक्तिवाद मला फार परिचयाचा वाटला. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट दाखविली की मालकी आपोआप शाबीत झाली, असे समजणारे अशील मी पुष्कळ पाहिले आहेत.

एकदा कर्करोगाच्या उपचारात सिस्प्लॅटिन दिल्यावर रुग्णाला ज्या अनावर वांत्या होतात, त्यांवरील एका नव्या औषधाचा अर्ज आला. प्राणी म्हणून विस्टार जातीचे पांढरे उंदीर मागितले होते. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आमचे वृद्ध डॉक्टरसाहेब अर्ज मिटून शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, एक अडचण आहे. उंदराला ओकताच येत नाही."

मला ती थट्टा वाटली. पण ते अक्षरशः खरे होते. अर्जदार बाई तरुण असल्या तरी बावरणाऱ्या नव्हत्या. "ओकता येत नाही, सर, पण मळमळले की उंदीर माती खातो," त्यांनी सांगितले, आणि आम्हांला प्राणिगृहात नेऊन ते दाखविलेही. मक्याच्या कणसांचा भुसा अंथरलेल्या पिंजऱ्यात नेहमीच्या खाद्याशेजारी केओलिन नामक पांढऱ्या मातीच्या गोळ्या एका वाटीत ठेवल्या होत्या. लाल डोळ्यांचा तो जीव एक गोळी पुढच्या पंजांत धरून मोठ्या गांभीर्याने कुरतडीत होता, आणि नोकर भुश्यात सांडलेला चुरासुद्धा चिमट्याने वेचून तराजूत घालीत होता, कारण खाल्लेल्या मातीचे वजन हेच तेथे मळमळीचे माप होते.

युक्ती खरोखर सुरेख होती. तथापि मळमळीचे अनुमान म्हणजे वांती नव्हे. श्वानाला वांती होते, मग श्वान का नको, असे मी विचारले. उत्तर थोडे आढेवेढे घेत आले. उंदीर, ससे, गिनीपिग अशा लहान प्राण्यांना आमच्या समितीची मंजुरी पुरते. श्वान वा वानर म्हटले की मामला दिल्लीस केंद्रीय समितीकडे जातो आणि तेथे वेळ लागतो. म्हणजे प्रजातीची निवड शरीरशास्त्राने केली नसून फायलीच्या मार्गाने केली होती. श्वानाला सहजी हात लागू नये म्हणून घातलेली ती अट मला आजही योग्यच वाटते. परंतु तिच्यापायी प्रश्न एका प्राण्याचा आणि प्रयोग दुसऱ्यावर, असे होऊ लागले तर उंदरांचे प्राण फुकट जातात, आणि हे क्रौर्य कोणत्याही रकान्यात नोंदले जात नाही.

ऑगस्ट क्रोग या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने 1929 मध्ये असे प्रतिपादिले होते की, पुष्कळशा प्रश्नांसाठी निसर्गात एखादा असा प्राणी असतोच, की ज्याच्या ठायी तो प्रश्न सर्वांत सोईने अभ्यासता येतो. तो प्राणी माणसासारखा असलाच पाहिजे असे मात्र नाही. मुंबईत 1905 पासून प्लेगची चौकशी करणाऱ्या मंडळाने प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडले, ते मनुष्याशी साम्य म्हणून नव्हे, तर उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होत म्हणून. आणि पिसवांच्या उडीच्या आवाक्याबाहेर टांगलेल्या पिंजऱ्यांतले गिनीपिग बचावले, तेव्हा रोग हवेतून येतो की पिसवेतून, या वादाचा निकाल लागण्यास मोठीच मदत झाली.

आमच्या प्रश्नाचा प्राणी डॉक्टरसाहेबांनीच सुचविला, आणि तो ऐकून सभेत हशा पिकला: चिचुंद्री! आमच्या वाड्यात रात्री भिंतीकडेने चीं-चीं करीत धावणारी, जिच्या दर्पाने मांजरही तोंड फिरविते, ती हीच. दिसावयास उंदरासारखी, पण कुळ अगदी निराळे. ती कीटकभक्षक वर्गातली, आणि तिला ओकता येते. जपानी संशोधकांनी 1980 च्या दशकात दाखवून दिले की, सिस्प्लॅटिनने तर तिला वांती होतेच, पण मागेपुढे हलणाऱ्या पेटीत बसविली तरी, घाटात गाडी लागावी तशी, ती ओकते.

"मग गोदामातल्या धरून आणू का?" व्यवस्थापकांनी उत्साहाने विचारले. डॉक्टरसाहेबांनी मान हलविली. धरलेल्या जनावराचे वय ठाऊक नाही, अंगातले रोग ठाऊक नाहीत, शिवाय प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्यावेत असा नियम आहे. अन्य मार्गाने आणावयाचे तर त्याची रीतसर परवानगी काढावी लागेल.

अखेर ठरावाचा मसुदा मी केला. उंदरांवरील प्रयोगास मागितलेल्यापेक्षा कमी संख्येने मंजुरी द्यावी. निष्कर्षात वांती हा शब्द न वापरता केवळ केओलिनचे सेवन असे लिहावे. आणि ओकू शकणाऱ्या प्राण्यावर परीक्षा झाल्याखेरीज औषध गुणकारी असल्याचा दावा करू नये. दुसऱ्या कलमावर बराच वाद झाला, कारण त्याने अहवालाचे शीर्षकच बदलत होते. बाईंनी मात्र ते विनातक्रार मान्य केले आणि पाळीव चिचुंद्र्या कोठे मिळतील याची विचारणा करणारे पत्र त्याच दिवशी टंकलिखित करून माझ्या नजरेखालून घातले.