ओठ मिटून हसणारी मुलं

विद्यापीठाच्या कट्ट्यावर हसण्याच्या किती तऱ्हा! कुणी टाळी देऊन हसतं, कुणी पोट धरून. माझी नजर मात्र खिळते ती ऐन हसण्याच्या भरात तोंडाशी जाणाऱ्या तळहातावर. ओढणीचं टोक ओठांवर येतं, मान किंचित वळते आणि फुटलेलं हसू अर्ध्यावरच मिटतं.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीडकडच्या काही गावांतून आलेल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी चट्टे असतात. होस्टेलात कुणीतरी सहज विचारतं, "ब्रश करत नाहीस का रे?" आणि त्या दिवसापासून ते पोर हसू झाकायला शिकतं. खरं तर त्या डागाचा ब्रशशी काही संबंध नाही. खडकातलं फ्लोराइड बोअरच्या, हापशाच्या पाण्यात उतरतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं, की ते पाणी पिण्याजोगं राहत नाही. लहानपणी पक्क्या दातांचं एनॅमल हिरडीच्या आत घडत असतं, तेव्हाच हे पाणी पोटात जातं आणि दात बाहेर येतो तो डाग घेऊनच. मग कितीही घासा! गावाच्या पाण्याची शरम त्या पोराने विशीत का वागवायची?

शुभ्र दातांची मुलं तरी कुठे सुखात असतात? कुणाला दातांमधली फट सलते, कुणाला हसताना दिसणारी हिरडी. फोन हातभर अंतरावर धरला की लेन्सजवळचं नाक आहे त्याहून मोठं उमटतं, आणि बोल लागतो चेहऱ्याला.

1977 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींना स्वतःचेच दोन फोटो दाखवले, एक सुलट आणि एक आरशातल्यासारखा उलटा. बहुतेकींनी आरशातला पसंत केला. त्यांच्या जिवाभावाच्या माणसांना मात्र सुलटच अधिक आवडला. ज्याला जो चेहरा रोज दिसतो, त्याचा त्यावर जीव जडतो. म्हणजे मित्रांना आवडणारा आपला चेहरा आपल्या ओळखीचाच नसतो. मग त्याच्याबद्दल इतका कठोर निकाल आपण कशाच्या जोरावर देतो?

गावोगावी शुद्ध पाणी पोचायलाच हवं. ज्याला डाग घालवायचे आहेत, त्याला दंतवैद्याचा खर्च झेपायला हवा. या गोष्टींना वेळ लागेल. पण दातांकडे बोट दाखवून विचारला जाणारा तो प्रश्न आजच्या आज थांबवता येईल, आणि ते आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे.