मुसंदमला मासे गरवायला

डिसेंबर 2018 मधली गोष्ट. अमिरातीच्या राष्ट्रीय दिनाला जोडून सुट्टी आली होती. आमच्या ओळखीतल्या एका चाचांनी जाहीर केलं की यंदा मॉलमध्ये फिरायचं नाही, ओमानला जाऊन मासे पकडायचे. हे चाचा माझ्या नात्यातले नव्हेत. शारजात जो कोकणी माणूस तुमच्या वीस वर्षं आधी आला, तो चाचा. त्यांचं गाव खाडीपट्ट्यातलं, घराणं जुनं, घरात दोन पिढ्या जहाजावरच्या. गाडीत आम्ही चौघं होतो: चाचा, महाडचे एक दुकानदार, परभणीचा माझा मित्र आणि मी.

रास अल खैमा मागे पडल्यावर चाचांनी विषय काढला. "तुझी मुलगी बीफार्म झाली ना? माझा पुतण्या अबुधाबीत इंजिनिअर आहे. घरी बोलून बघ." मी खूश झालो, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी सहज विचारलं, "तुमचा मोहल्ला कुठला म्हणालास?"

"रत्नागिरी शहरातच," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघू लागलो.

हे उत्तर मी बावीस वर्षं देत आलोय. खोटं नाही, पण पूर्णही नाही. आम्ही दालदी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, दालदी म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मुसलमान मच्छीमार. इंग्रजांच्या काळातल्या जिल्हा गॅझेटियरमध्येही त्यांची वेगळी नोंद आहे. आमच्या अंगाला मासळीचा वास येतो असं शाळेतली मुलं म्हणायची, आणि ती मुलं हिंदूच होती असं नाही. जलशात मौलाना सांगतात की इस्लाममध्ये जातपात नाही. आम्ही मान डोलावतो. जलसा संपला की रिश्ता जमवताना मात्र आधी मोहल्ला विचारला जातो. माझ्या बहिणीचा एक रिश्ता ठरत आला असताना फिसकटला. कारण कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

तेवढ्यात सरहद्द आली.

अमिरातीच्या बाजूला अल दारा, ओमानच्या बाजूला तिबात. मुसंदम हा ओमानचा तुकडा मूळ ओमानपासून तुटलेला आहे, मध्ये अमिराती येते. म्हणजे मस्कतचा माणूस गाडीने खसबला निघाला तर त्याला आपल्याच देशात जाण्यासाठी दुसऱ्या देशातून जावं लागतं. आम्ही माणशी 35 दिरहम भरून बाहेर पडलो. पलीकडच्या खिडकीवर रहिवासी व्हिसा दाखवून ओमानचा व्हिसा घेतला. फॉर्मवर पेशाचा रकाना होता. मी अकाउंटंट लिहिलं. दुकानदार मागून म्हणाले, "मच्छीमार लिही, मासे पकडायलाच चाललोय ना!" सगळे हसले. मीही हसलो.

शिक्के बसायला अर्धा तास लागला असेल. त्या अर्ध्या तासात माझ्या डोक्यात पालघर-डहाणूची पोरं होती. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि समुद्रात न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात. तिकडचे मच्छीमार असेच आपल्या तुरुंगात. दरवर्षी 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही सरकारं कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, त्यात मच्छीमारांची यादी वेगळी असते. पोटासाठी मासा धरणाऱ्याला सरहद्दीवर पकडतात, आणि आम्ही हौसेला चाललेलो, आम्हाला शिपायाने "वेलकम" म्हटलं.

तिबातपासून खसबपर्यंतचा रस्ता एकदा तरी बघावा असा आहे. एका बाजूला उघडाबोडका डोंगर, दुसऱ्या बाजूला लगेच समुद्र. वाटेत बुखाचा किल्ला लागतो. खसबच्या बंदरात छोट्या स्पीडबोटी रांगेने उभ्या होत्या. त्या इराणच्या. पलीकडून बकऱ्या घेऊन येतात आणि जाताना सिगारेटी वगैरे नेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. होर्मुझची सामुद्रधुनी इथे अगदी चिंचोळी, सर्वात अरुंद जागी जेमतेम 33 किलोमीटर. ज्या पाण्यावरून जगाची युद्धं होतील अशी भीती घालतात, त्या पाण्यावर बकऱ्या ये-जा करत होत्या.

रात्री खसबमध्येच मुक्काम केला. सकाळी फजरनंतर बोट निघाली. बोटवाला कुमझार गावचा होता. या गावाला गाडीरस्ता नाही, आणि त्यांची बोलीही अरबी नाही, फारसीच्या घरातली आहे. मदतीला चितगावचा एक पोरगा. बोटवाल्याने डोंगराच्या आडोशाला, खडकाळ तळावर नांगर टाकला आणि सगळ्यांच्या हातात एकेक दोरी दिली. रॉड नाही, रीळ नाही. प्लास्टिकच्या चकतीला गुंडाळलेली तंगूस, शिशाचं वजन आणि गरी. आमिष म्हणून माकूल कापून ठेवलेली.

परभणीच्या मित्राने माकूल बघून तोंड वाकडं केलं. तो हनफी, आम्ही कोकणी शाफई. त्यांच्यात समुद्रातला मासा तेवढा चालतो, आमच्यात समुद्रातलं जवळपास सगळंच. "हे तुम्ही खाता?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आलंलसूण घालून केलेली एकदा खाऊन बघ, मग मसल्याचं बघू." पण पंधरा मिनिटांत बोट डोलायला लागली आणि बिचाऱ्याच्या पोटात होतं ते सगळं समुद्रात गेलं. पुढे दिवसभर तो आडवाच होता.

आता खरी गोष्ट. मी समुद्रात गरी टाकली त्याला तीसेक वर्षं झाली होती. अब्बांबरोबर शेवटचा गेलो तेव्हा बारावीत होतो. पण दोरी हातात आली आणि तर्जनीवर आपोआप जाऊन बसली. शिसं तळाला टेकलं की दोरी सैल पडते. तेव्हा ती हातभर वर ओढून धरायची, नाहीतर गरी खडकात अडकते. हे मला कोणी आठवून दिलं नाही. चाचांची गरी दोनदा खडकात अडकून तुटली, दुकानदारांची एकदा. मला पहिल्या तासात दोन शेरी आणि एक तांबोशी लागली.

मग दोरीला असा झटका बसला की बोट कापलं. मासा खाली गेला आणि एकदम दगडासारखा गप्प झाला. चाचा म्हणाले, "अडकली तुझीपण. तोड."

"अडकली नाही. गोब्रा आहे, बिळात शिरलाय," मी म्हणालो. अमिरातीत ज्याला हमूर म्हणतात तो आमचा गोब्रा. त्याला ओढलं तर तो कल्ले फुगवून कपारीत घट्ट बसतो. अशा वेळी दोरी सैल सोडायची आणि वाट बघायची. त्याला वाटतं संकट टळलं, तो बाहेर येतो. त्या क्षणी, एक श्वासही न दवडता, हातावर हात टाकत वर घ्यायचा. मी तसंच केलं. पाच-सहा मिनिटं मी दोरी दोन बोटांत धरून बसलो होतो आणि बोटीवर कोणी बोलत नव्हतं. वर आला तेव्हा सात-आठ किलोचा असेल. कुमझारच्या बोटवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम मछलीवाला?"

मी हो म्हटलं. तेव्हा ते सोपं गेलं, परक्या माणसाला सांगायला काय जातं.

चाचांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "हात सवयीचा दिसतो. कोणाचा रे तू?"

कोकणात हा प्रश्न किती वजनाचा आहे ते कोकणी माणसालाच कळेल. मी वाडीचं नाव सांगितलं. अब्बांचं नाव सांगितलं. दालदी, असंही म्हटलं, म्हणजे अंदाज बांधायची तसदी नको.

"अच्छा," चाचा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुमच्याकडची मासळी एक नंबर असायची. माझी आई खास माणूस पाठवून मागवायची."

ते वाईट बोलले नाहीत. चाचा वाईट माणूस नाहीतच. माझ्या पहिल्या नोकरीसाठी त्यांनीच शब्द टाकला होता. दुपारी बोट एका शांत खोरात लावली, जोहर आणि असर कसर करून एकत्र पढली, आणि जेवणासाठी मासे साफ करायची वेळ आली. सुरी चितगावच्या पोराच्या हातात होती. चाचा त्याला म्हणाले, "राहू दे. हा करेल, याला येतं."

मी केले. खवले काढले, कल्ले काढले, गोब्र्याचं डोकं कालवणासाठी वेगळं ठेवलं. चांगलं केलं मी ते काम, आणि करताना मला आनंद होत होता, हेही सांगायला हवं. पण सकाळपर्यंत मी बोटीवर पैसे भरून आलेला पाहुणा होतो आणि आता चितगावच्या पोराच्या शेजारी उकिडवा बसलो होतो. त्या पोराने काय ओळखलं कोण जाणे, त्याने न विचारता माझ्यासाठी पाण्याची बादली ओढून दिली.

उरलेली मासळी बर्फाच्या पेटीत घालून दुसऱ्या दिवशी परत सरहद्दीवर आलो. कस्टमच्या माणसाने पेटी उघडली, गोब्रा बघितला आणि कोणी पकडला ते विचारलं. तिघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने अंगठा वर केला आणि पेटी बंद केली.

घरी आल्यावर अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी बोट विकली त्याला बरीच वर्षं झालीत. पर्ससीनवाल्यांनी आणि एलईडी लाइटवाल्यांनी समुद्र खरवडून नेल्यावर छोट्या होडीला उरतं काय? मासा दाखवला तर त्यांनी आधी विचारलं किती वाव पाणी होतं. मग वारा कुठला होता. मग भाव काय मिळाला.

"विकला नाही अब्बा. उलट आम्हीच पैसे दिले, बोटीचे."

"कोणाला?"

"बोटवाल्याला. मासे पकडायला नेल्याचे."

त्यांना ते पहिल्यांदा कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. मग ते इतके हसले की खोकला लागला, आणि फोन आईकडे देऊन त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली, ही गोष्ट सांगायला.

चाचा आजही जुम्म्याला भेटतात, आपुलकीने चौकशी करतात. त्यानंतर आम्ही आणखी दोनदा खसबला गेलो. दोऱ्या आणि गऱ्या मीच घ्यायच्या असं ठरून गेलं आहे. पुतण्याचं लग्न पुढच्या वर्षी दापोलीकडच्या मुलीशी झालं. दावत मलाही होती. माझ्या मुलीचा विषय त्यांनी परत काढला नाही, आणि मीही काढला नाही.