बत्तीस फुटांचा संसार

कोहिनूरच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे हे वाचकांस थोडे आगाऊपणाचे वाटेल. बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातले हे आमचे गाव. समुद्र येथून शेकडो मैल दूर. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचे, आणि तेही बहुधा दाव्यातले. तथापि गेले काही महिने एक होडी आमच्या मनात ठाण मांडून बसली आहे, आणि त्याचे कारण समुद्र नसून आमचा वाडा आहे.

वडिलांच्या पश्चात वाटणीचा विषय निघाला. आम्ही तिघे भाऊ व एक बहीण. भांडण असे नव्हते. यादी तेवढी करावयाची होती, आणि घरात वकील असल्यामुळे ती आमच्याकडे आली. ढेलजेपासून माळवदापर्यंत फिरून, बळदे उघडून आम्ही ती केली. निम्म्याहून अधिक वस्तूंना वीस वर्षांत कोणाचा हात लागलेला नव्हता. तरीही एका तांब्याच्या घंगाळापाशी येताच सर्वांचे आवाज चढले.

वाटणीचे शास्त्र आमच्याच शेजारचे. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली ती जवळच्याच कल्याणात, चालुक्यनृपती सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या काळी. वडिलार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क, हे तिचे मत. २००५ च्या दुरुस्तीने तो हक्क मुलीलाही मिळाला. कोणाचे किती, हे कायदा चोख सांगतो. किती पुरे, हे मात्र सांगत नाही. ते आम्हांस एका होडीने सांगितले.

तिचे नाव ‘सुहेली’. लांबी सुमारे ३२ फूट, म्हणजे आमच्या ओसरीहून फार मोठी नव्हे. मुंबईत कुलाब्याला देशी सुतारांनी वाकस चालवून सागवानाची ती घडविली आणि १९६४ साली ती पाण्यात उतरली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरील तरुण इंग्रज अधिकारी. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटा निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. एकट्याने, विनाथांबा असे कोणी त्यापूर्वी केले नव्हते. ३१२ दिवस त्याचे घर, कोठार व कारखाना सर्व त्या बत्तीस फुटांत होते. टाकीतले गोडे पाणी खराब झाले, तेव्हा शिडावरून निथळणारा पाऊस त्याने धरून ठेवला. बिनतारी यंत्र मुके झाले, तेव्हा महिनोन् महिने जगाला त्याची खबर नव्हती.

ही विरक्ती आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. संन्यासी वस्तू टाकतो; दर्यावर्दी ती निवडतो. सुई-दोरा, शिडाचे कापड, हातोडी यांवाचून त्याचे प्राण अडतात. होडीत प्रत्येक वस्तूस आपला हक्क शाबीत करावा लागतो, आणि तेथे पुरावा एकच चालतो: उपयोग. दस्तऐवज चालत नाही. मात्र या साधेपणाचे फार स्तोत्र गाऊ नये. कोकणातल्या मच्छीमाराची होडीही लहानच असते. ती त्याने हौसेने निवडलेली नसते. निवडण्याइतके ज्याच्यापाशी आहे, त्यालाच साधेपणाची चैन परवडते.

शिवाय घर म्हणजे होडी नव्हे. त्या घंगाळात आईने आम्हां चौघांना न्हाऊ घातले होते. या कामी आता त्याचा उपयोग शून्य, तरी ते अडगळ नव्हे. आम्ही यादीत एक रकाना वाढविला: ‘का हवे?’ ज्याला उत्तर लिहिता येईल त्याने वस्तू न्यावी. घंगाळापुढे बहिणीने एकच शब्द लिहिला, “आई”. पुढे कोणी काही बोलले नाही. आमच्या नावापुढचा रकाना पुष्कळसा कोरा राहिला, आणि त्या कोरेपणाने अंगावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले.

गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या छप्पन्न फुटी शिडाच्या होडीतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. होडीला नाव दिले ते आमच्या कर्नाटकात उगम पावून गोव्यात जाणाऱ्या म्हादई नदीचे. त्याच २०१० साली त्या नदीच्या पाण्याच्या वाटणीसाठी लवाद नेमावा लागला. नदी एक, नाव एक. एका म्हादईचे पाणी तीन राज्यांना पुरत नव्हते. दुसऱ्या म्हादेईवर एका माणसाला मोजके पाणी जगभर पुरले. वकिलाने यावर निकाल देऊ नये. पण रात्री निजण्यापूर्वी विचार करावा, एवढे खरे.