हात राहू द्या

हा फोटो तुम्ही पाहिलेला असणारच. आठ-दहा दिवसांचं बाळ पालथं, दोन्ही कोपरं पुढे टेकलेली, हनुवटी तळहातांवर, डोळे मिटलेले. डोक्यावर विणलेली टोपी, अंगाखाली मऊ लोकरी कापड. आमच्या धंद्यात या पोझला ‘फ्रॉगी’ म्हणतात. न्यूबॉर्न शूट ठरवायला आलेले आईवडील मोबाइलवर सगळ्यात आधी हाच फोटो काढून समोर धरतात. “ताई, असा एक तरी हवाच हं.”

असा फोटो कुठल्याही बाळाने एकट्याने कधी दिलेला नाही. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं आणि मान धरायला त्याला तीनेक महिने लागतात. एवढं डोकं स्वतःच्या मनगटांवर पेलणं त्याच्या आवाक्यातलं नाही. म्हणून आम्ही दोन फोटो काढतो. पहिल्यात आई किंवा असिस्टंट वरून बोटांनी बाळाचं डोकं सावरून धरते. दुसऱ्यात डोक्यावरचा हात काढायचा आणि बाळाचे दोन्ही हात मनगटाशी घट्ट धरून ठेवायचे. मग कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो एकावर एक ठेवायचे, एकातून वरचा हात पुसायचा, दुसऱ्यातून खालचा. उरतं ते विचारात गढल्यासारखं दिसणारं बाळ. ही पोझ घ्यायची तर अशीच घ्यायला हवी. हात न लावता ती घेऊन दाखवतो असं कुणी म्हणालं, तर आपलं मूल त्याच्या हाती देऊ नका.

माझं मन अडतं ते पुसलेल्या हातांपाशी. कारण शूटच्या खोलीत तीन-चार तास मी जे बघत असते, ते बाळापेक्षाही बाळाला धरणारे हात असतात.

शूट शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत करायचं असतं. तेव्हा बाळ गाढ झोपतं आणि पोटात होतं तसं अंग मुडपून घेतं. पुढे पोटदुखी, रडारड सुरू होते, अंग ताणायला लागतं. खोली ऊबदार ठेवायची, 27-28 अंशांच्या आसपास, इतकी की आम्हाला घाम फुटावा. एवढं करूनही बाळ दचकतं. हवेतून खाली जातोय असं नुसतं वाटलं तरी नवजात बाळ दोन्ही हात फाकवून काहीतरी धरू बघतं. डॉक्टर त्याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. त्यावर इलाज एकच, छातीवर हात. आणि बाळ निजलं की तो हात एकदम उचलायचा नाही. आधी करंगळी सुटते, मग एकेक बोट, आणि तळहात सगळ्यात शेवटी. जाणती आई हे न शिकवता करते. पहिलटकरीण असेल तर दोन दिवसांत तिच्या हाताला ते कळू लागतं. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडतं आणि फोटोत मात्र बाळ टोपलीत एकटं, जणू आभाळातून उतरलेलं.

हे पुसणं फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत तान्ह्या मुलाचा फोटो काढायचा तर त्याला कित्येक सेकंद निश्चल ठेवावं लागे. मग स्टुडिओवाले आईलाच खुर्चीवर बसवत, तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत पडदा किंवा गालिचा टाकत आणि मूल तिच्या मांडीवर ठेवत. फोटोत ती खुर्ची म्हणून खपून जायची. ते जमलं नाही तर फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत तिला झाकायचं, किंवा पत्र्यावरच्या फोटोत तिचा चेहरा सरळ खरवडून काढायचा. लिंडा फ्रेन्यी नॅग्लर या कलावंत बाईंनी असे जवळजवळ हजार फोटो जमवले. 2013 साली व्हेनिसच्या बिएनालेत ते ‘द हिडन मदर’ या नावाने मांडले गेले. त्यातले मी जेवढे पाहिलेत त्यांत बाळांचे चेहरे मला आता आठवतही नाहीत. पडद्याखालून बाळाच्या कमरेभोवती आलेली ती चार बोटं आठवतात.

आपल्याकडेही हे चालूच आहे, फक्त पडदा पांढरा आहे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारसाठी बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बाहुल्या काही घेत नाहीत, नुसता चेहऱ्याचा फोटो घेतात. पासपोर्टच्या फोटोतही मूल एकटंच दिसायला हवं. आमच्या पेठेतल्या छोट्या स्टुडिओत बघा. आई स्टुलावर बसलेली, अंगावरून पांढरी चादर ओढलेली, चादरीच्या आतून बाळाच्या काखांत हात घातलेले, आणि समोर फोटोवाला खुळखुळा वाजवतोय. तिथे गरज आहे, मला समजतं. सरकारला ओळख हवी असते. घरच्या भिंतीवर लावायच्या फोटोला मात्र सरकारी नियम लावायचं कारण नाही.

घरी जाऊन शूट करायला मला जास्त आवडतं, आणि त्यातही न्हाऊ घालणाऱ्या मावशी यायच्या वेळेला. पुण्यात अजून अशा बायका आहेत. सकाळी ठरल्या वेळी येतात, आधी बाळंतिणीला तेल लावतात, मग बाळ घेतात. सहकारनगरातल्या एका घरी अशा मावशींना मी पहिल्यांदा अगदी जवळून बघितलं. साठी ओलांडलेली बाई. न्हाणीघरात पाटावर बसल्या, नऊवारीचा काचा वर खोचून पाय लांब पसरले आणि नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत बाळाला पालथं घातलं. तेल आधीच जिरवलेलं. डाळीचं पीठ हलक्या हाताने फिरवलं, मांड्यांच्या घड्या, काखा, मानेखालची दुधाची रेघ, सगळीकडे. मग बाळ उताणं केलं. तांब्या उजव्या हातात, आणि डाव्या हाताचा तळवा बाळाच्या भुवयांवर आडवा, छपरासारखा. डोक्यावरून पाण्याची धार सोडली. पाणी दोन्ही कानशिलांकडे वळलं, थेंबभरसुद्धा नाका-डोळ्यांत गेलं नाही. बाळ रडत होतं, पण घाबरलेलं नव्हतं. या दोन रडण्यांतला फरक त्या दिवशी मला कळला.

तो आडवा तळवा मी काढला. खिडकीतून आलेला उजेड ओल्या हातावर पडलेला, मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या, बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली, आणि त्या छपराखाली बाळाचं उघडं तोंड. माझ्या कामातला हा फोटो मला सगळ्यात जवळचा. नंतर धुरी देतात म्हणून मी थांबले, तर मावशीच म्हणाल्या, “आता डॉक्टर नको म्हणतात, नाही देत मी.” हे ऐकून त्यांच्याबद्दल आणखी आदर वाटला. एवढ्या वर्षांची सवय सोडायला मोठं मन लागतं.

फोटो घरी दाखवले तेव्हा विचारणा झाली, “छान आलाय, पण त्यांचा हात कट करता येईल ना?” मी नाही म्हटलं. हात काढला तर त्या फोटोत शिल्लक काय राहतं, एक भिजलेलं, रडणारं मूल. घरच्या मंडळींना पटलं नाही आणि तो फोटो त्यांच्या अल्बमात गेला नाही. मावशींना मात्र मी एक मोठी प्रिंट काढून दिली.

परकी बाई म्हणून मावशींना फोटोतून वगळतात, एक वेळ समजू शकते. बाळंतीण स्वतःच स्वतःला वगळते, याचं मला फार वाईट वाटतं. “माझे नको हं, बाळाचेच काढा. बघा ना मी कशी दिसतेय.” डोक्याला रुमाल, कानात कापूस, पोटाला पट्टा, टाके ओढतायत म्हणून एका अंगावर टेकलेली, चार-पाच रात्री जागलेले डोळे. जिने त्या आठवड्यात सगळ्यात मोठं काम केलं, तिलाच वाटतं की आपण फोटोत शोभणार नाही. पूर्वी तर बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरा जातच नसे. 1892 साली हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एक इंग्रज बाई नेमल्या. आज आमच्यासारख्या बायका थेट बाळंतिणीच्या खोलीत पलंगाशेजारी बसू शकतात, आणि एवढी वाट मोकळी झाल्यावर बाळंतीण चादर तोंडावर ओढून घेते. अशा वेळी मी हट्ट धरत नाही. नुसतं म्हणते, “चेहरा राहू दे, हात तरी येऊ दे.” याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि पुष्कळदा हात आला की मागोमाग चेहराही येतो.

दृष्टीचं भय मला मान्य आहे, त्याची थट्टा मी करणार नाही. बारशाआधी फोटो नको म्हणणाऱ्या आज्यांचं ऐकून मी कॅमेरा पिशवीत ठेवलेला आहे. आता आया बाळाच्या चेहऱ्यावर बदामाचं चिन्ह चिकटवून फोटो स्टेटसला ठेवतात, तीही तीटच. बाळाला जपायची ती एक रीत झाली, आणि ती आईच्या हाताआड येत नाही.

या कामातलं जगातलं सगळ्यात मोठं नाव अ‍ॅन गेडिस. बाळांना फुलांत, कुंड्यांत, भोपळ्यांत बसवणाऱ्या ऑस्ट्रेलियन बाई. त्यांचं ‘डाउन इन द गार्डन’ 1996 साली आलं आणि आपल्याकडे दवाखान्यांच्या भिंतींपासून वाण्याच्या कॅलेंडरपर्यंत तशी बाळं पोचली. टोपल्या, टोप्या, पंख ही सगळी आमची सामग्री तिथूनच आलेली. पण त्यांचा माझ्या मनात राहिलेला फोटो 1993 सालचा आहे. त्यात फूल नाही की कुंडी नाही. जॅक नावाच्या माणसाचे दोन दांडगे हात आणि त्यांच्यात झोपलेली, दिवस भरायच्या आत जन्मलेली मनीषा नावाची मुलगी. हात इतके मोठे आणि ती इतकी लहान, की बघताना आपलेच तळवे नकळत वाटीसारखे होतात.

उलट गोष्ट डोरोथिया लँग यांची. 1936 साली कॅलिफोर्नियात त्यांनी काढलेला ‘मायग्रंट मदर’ कुणी पाहिला नसेल? उपासमारीत अडकलेली आई, खांद्यांवर दोन मुलं, मांडीवर तान्हं. मूळ फोटोत उजवीकडे खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा होता. मांडणीत तो खुपतो म्हणून लँग यांनी काही वर्षांनी निगेटिव्हवरून तो पुसून घेतला. एवढ्या थोर छायाचित्रकाराला विरोध करण्याची माझी पायरी नाही, तरी मला तो अंगठा हवा होता. नीट पाहिलं तर त्याची पुसट सावली अजून दिसते.

अमेरिकेत कोलोराडोमध्ये 2005 साली एक संस्था सुरू झाली, ‘नाऊ आय ले मी डाउन टू स्लीप’. जी बाळं जन्मतः गेली किंवा जगणार नाहीत असं ठरलं, त्यांचे आईवडिलांसोबतचे फोटो या संस्थेचे छायाचित्रकार रुग्णालयात जाऊन विनामूल्य काढून देतात. ते फोटो बघायला धीर लागतो. त्यांत ना टोपली असते, ना मुकुट. बापाच्या अंगठ्यावर ठेवलेलं पाऊल, आईच्या तळहातातली मूठ, एवढंच. ज्यांच्याजवळ वेळच उरलेला नाही, ते काय मागतात हे तिथे स्वच्छ दिसतं. आपल्याकडे असं बाळ गेलं की त्याचा विषयही घरात काढत नाहीत. ज्या आईला हवा असेल तिला असा एखादा फोटो मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे जुने ग्राहक परत येतात. कुणाला मुंजीचे फोटो हवे असतात, कुणाला दुसऱ्या बाळाचे. एक बाई मात्र वेगळंच मागायला आल्या. त्यांच्या मुलाचा फ्रॉगी फोटो मीच करून दिला होता, तो घरी भिंतीवर आहे. त्यांना हवा होता त्या फोटोचा न पुसलेला पहिला भाग, ज्यात डोक्यावर हात आहे. तो हात सासूबाईंचा होता आणि सासूबाई आता नाहीत. मी जुनी हार्डडिस्क काढली. फोटो सापडला. अंगठ्यावर विळीने कापल्याचा जुना व्रण, बोटात झिजलेली वेढणी. स्क्रीनवर तो व्रण दिसला आणि बाई म्हणाल्या, “ह्याच.” घरच्या इतर फोटोंत सासूबाई पैठणी नेसून, कॅमेऱ्याकडे बघत उभ्या आहेत. नातवाला हात लावलेला तेवढा हाच.

त्या दिवसापासून मी दोन्ही मूळ फोटो न मागता देते. फ्रॉगी हवा तर जरूर घ्या, तो गोड दिसतो हे खरंच आहे. पण मूळ फोटोही मागून घ्या. फोटोवाले ते बहुधा ठेवत नाहीत, म्हणून शूट ठरवतानाच सांगून ठेवा. निदान एक फोटो कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने लिहा, हात कुणाचा, तारीख कोणती. आणि कुणाकडे बाळ बघायला गेलात तर झबल्याचं पाकीट आईच्या हातात देण्याआधी तिचा मोबाइल मागून घ्या, आणि ती बाळाला घेऊन बसली असेल तशीच, रुमाल-गाऊनसकट, तिचा एक फोटो काढा. ती नको म्हणेल. तरी काढा, आणि ठेवायचा की नाही ते तिला महिन्याभराने ठरवू द्या.